वास जातो आणि परत येतो: घरातल्या ड्रेनेजच्या वासाचं मूळ शोधताना

"अवो, प्लंबर आला की वास गायब, आन् त्यो गेला की चार दिसांत परत हाय तसाच. त्याला बघून लपतोय काय वास?"

घरदुरुस्तीच्या कामात ही तक्रार कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या घरातून येते, तशीच राजारामपुरीतल्या नव्या फ्लॅटमधूनही येते. यात गूढ काही नाही. प्लंबर येतो, न्हाणीत दोन बादल्या पाणी ओततो, "पाणी तर जातंय की, चोकअप नाही" म्हणतो, आणि त्या दोन बादल्यांनीच वास थांबतो. ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला पाइपाच्या बाकात साचून राहणारं पाणी गेलेलं होतं, ते भरलं. ते का गेलं होतं हे कुणीच बघितलेलं नसतं, त्यामुळे ते पुन्हा जातं आणि वास पुन्हा येतो. मग फिनेल, डांबरगोळ्या, सुवासिक फवारे सुरू होतात. त्यानंही भागलं नाही की कुणीतरी फरशी फोडायचा सल्ला देतो.

फरशी फोडण्याआधी एक फुकटचं काम करा. वास कुठून येतो हे नंतर बघू, तो कधी येतो ते आठवडा-पंधरा दिवस टिपून ठेवा. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलं तरी चालेल: पहाटे, वरच्यांच्या वॉशिंग मशीनचं पाणी सुटल्यावर, पाऊस पडताना, एक्झॉस्ट लावल्यावर. वास येण्याची वेळ कळली की निम्मं निदान झालं, कारण बहुतेक बिघाडांची वेळ ठरलेली असते.

टिपायचं काम घरात कमीत कमी बसणाऱ्या माणसाकडे द्या. दिवसभर त्याच हवेत असलेल्या नाकाला वासाची सवय होते आणि "आता नाही येत" असं प्रामाणिकपणे वाटतं. सकाळी रंकाळ्यावर फिरून आलेल्या माणसानं दार उघडल्या उघडल्या घेतलेला पहिला श्वास सगळ्यात विश्वासाचा.

आधी सिलिंडरचा संशय फेडा

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळतात, आणि त्याचा सडक्या कोबीचा वास ड्रेनेजच्या वासाच्या फार जवळ जातो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचतो. वाकून वास घेणाऱ्याला "मोरीतनंच येतोय" असं वाटतं ते त्यामुळे.

स्वयंपाकघरात वास असेल तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि लाइटच्या बटणाला हात लावू नका. चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. हवा खेळती झाल्यावर नळीला आणि जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. शंका राहिली तर १९०६ हा गॅसगळतीचा मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. इथं चुकीचा अंदाज महागात पडतो, म्हणून हे सगळ्यात आधी.

वास अडवतं ते फक्त पाणी

ड्रेनेजमध्ये मैला आणि सांडपाणी हवेशिवाय कुजतं, त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड तयार होतात. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. मिथेनला वास नसतो, पण तो पेट घेतो. ही हवा आणि तुमची बेडरूम यांच्यामध्ये दार नाही की झडप नाही. वाकड्या पाइपात साचून राहिलेलं दोन बोटं पाणी, एवढाच काय तो अडसर. न्हाणी ट्रॅपमध्ये, बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपमध्ये, कमोडच्या बुडाशी, सगळीकडे तेच. या पाण्याची उंची किमान ५० मिलिमीटर तरी हवी. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं लंडनमध्ये १७७५ साली संडासाच्या पाइपाला असा बाक देऊन पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं झाली तरी यापेक्षा स्वस्त आणि सरस उपाय कुणाला सापडलेला नाही.

म्हणजे घरात ड्रेनेजचा वास आला की प्रश्न दोनच. हे पाणी गेलंय का, की पाण्याला वळसा घालून हवा दुसरीकडून येतेय?

गावाहून आल्यावर येणारा वास

मुलाकडे पुण्याला महिनाभर राहून आलात आणि दार उघडताच भपकारा आला, तर डोकं खाजवायचं कारण नाही. ट्रॅपमधलं पाणी आटलं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ते लवकर आटतं. वर्षातून दोनदा पाहुण्यांसाठी उघडली जाणारी बाथरूम, गच्चीवरच्या खोलीतलं बेसिन, हॉलच्या कोपऱ्यात हौसेनं बसवलेलं आणि आता वर्तमानपत्रं ठेवायला वापरलं जाणारं वॉशबेसिन, ही याची ठरलेली ठिकाणं.

आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतायचं, विषय संपला. घर जास्त दिवस बंद राहणार असेल तर पाणी भरून झाल्यावर वरून दोन चमचे लिक्विड पॅराफिन सोडा. औषधाच्या दुकानात मिळतं. पाण्यावर त्याचा पातळ थर बसतो आणि पाणी उडत नाही. खायचं तेलही चालतं, पण ते खवट होतं आणि मुंग्या येतात.

रोजच्या वापरातली बाथरूम असूनही वास येत असेल तर मात्र आटण्याचा काही संबंध नाही. तिथं बहुधा पाणी कुणीतरी ओढून नेतंय.

वरच्यांनी फ्लश केला की

इथं थोडं थांबायला हवं, कारण कोल्हापुरातल्या दुमजली-तीनमजली घरांत सगळ्यात जास्त घोळ इथंच सापडतो.

फ्लशचं पाणी उभ्या पाइपातून एकदम खाली येतं तेव्हा ते मागून हवा ओढतं. ही हवा गच्चीवरच्या व्हेंट पाइपातून, म्हणजे उघड्या तोंडाच्या त्या उभ्या पाइपातून यायला हवी. तो पाइप बंद असेल तर हवा जिथून सोपी वाट मिळेल तिथून येते, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे खालच्या न्हाणीचा ट्रॅप. त्यातलं पाणी गुडगुड करत ओढलं जातं. दोन-चार मिनिटांत वास सुरू. कुणी आंघोळ केली की ट्रॅप पुन्हा भरतो आणि वास जातो. ही गुडगुड तुमच्या न्हाणीतून ऐकू येत असेल तर व्हेंटवर संशय घ्या, न्हाणीला दोष देऊ नका.

व्हेंट पाइप बंद कसा होतो? साळुंकीनं घरटं केलेलं असतं. गच्ची झाडताना पालापाचोळा आत गेलेला असतो. डास होऊ नयेत म्हणून तोंडाला जाळी बांधलेली असते, आणि ती बांधायलाच हवी, पण वर्षानुवर्षं न धुतल्यानं तिच्यावर धूळ आणि कोळिष्टकं यांचं घट्ट बूच तयार झालेलं असतं. जाळी काढू नका, पावसाळ्याआधी ब्रशनं धुवा.

पण खरा घोळ मजला चढवताना होतो. थोरल्याचं लग्न ठरतं, वर दोन खोल्या आणि एक अटॅच्ड बाथरूम काढायचं ठरतं. जुन्या गच्चीवरून वर गेलेला व्हेंट पाइप नव्या खोलीच्या मधोमध येतो. गवंडी विचारतो, "ह्यो पाइप काय करायचा?" आणि त्या दिवशी घरी असलेला माणूस सांगतो, "काढ की, कशाला लागतोय." पाइप स्लॅबला लागून कापतात, वर टोपी बसवतात, त्यावर फरशी. आता खालच्या दोन मजल्यांना श्वास घ्यायला वाटच नाही. दुसरा प्रकार असा की पाइप कापत नाहीत, एल्बो लावून भिंतीबाहेर काढतात आणि नव्या बेडरूमच्या खिडकीखाली फूटभर अंतरावर सोडून देतात. मग नव्या जोडप्याच्या खोलीत रात्री वास, आणि कारण म्हणून बदललं जातं बाथरूमचं दार!

तपासायचं असं. एकानं गच्चीवर जायचं. पातळ कॅरीबॅगचा तुकडा व्हेंटच्या तोंडावर अलगद धरायचा, आपलं तोंड पाइपावर न्यायचं नाही. खालच्याला हाक मारून फ्लश करायला सांगायचं. पाइप मोकळा असेल तर पिशवी क्षणभर आत ओढली जाते, मग फुगते. काहीच हललं नाही तर वाट बंद आहे. गच्चीवर पाइपच सापडत नसेल तर उत्तर आधीच मिळालं.

बुजलेला पाइप वरून पाणी मारून किंवा तार घालून मोकळा होतो. कापलेला पाइप बाहेरच्या भिंतीनं नवीन टाकावा लागतो आणि तो सगळ्यात वरच्या गच्चीच्या कठड्याच्याही वर न्यावा लागतो. काही ठिकाणी तेवढी जागाच नसते. तिथं एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्ह हा पर्याय आहे: हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. मात्र घराला कुठंतरी एक तरी उघडा व्हेंट असल्याशिवाय निव्वळ या व्हॉल्व्हवर विसंबू नये.

एक्झॉस्ट फॅनही हेच काम लहान प्रमाणात करतो. बाथरूमचं दार घट्ट बंद, खिडकी बंद, फॅन चालू. आतली हवा बाहेर फेकली जाते आणि तिची जागा घ्यायला ट्रॅपमधून हवा येऊ बघते. फॅन लावल्यावरच वास वाढतो अशी नोंद असेल तर दाराखाली बोटभर फट ठेवून बघा. पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर ट्रॅपमध्ये पाणी मुळातच कमी राहतंय.

न्हाणीतली वाटी

न्हाणीची जाळी उचला आणि टॉर्च मारा. जुन्या पद्धतीच्या ट्रॅपमध्ये जाळीखाली एक उपडी वाटी असते. तिची कड पाण्यात बुडलेली असते आणि तिच्यामुळेच वास अडतो. ही वाटी केसांनी आणि साबणाच्या चिकट्यानं भरते, पाणी हळू जायला लागतं, आणि एके दिवशी घरातला उत्साही माणूस ती काढून माळ्यावर टाकतो. पाणी झक्कास जायला लागतं! वास पण. तुमच्या ट्रॅपमध्ये वाटी बसायची खाच दिसतेय आणि वाटी दिसत नाहीय, तर माळ्यावर शोधा, नाही सापडली तर जुना ट्रॅप घेऊन किंवा त्याचं माप घेऊन दुकानात जा.

नव्या पद्धतीचा ट्रॅप खोल, पी आकाराचा असतो. त्यात पाणी चकाकताना दिसायला हवं. सरळ काळं भोक दिसत असेल तर ट्रॅप बसवलेलाच नाही, नुसता बेंड टाकलाय. बाथरूमचं नूतनीकरण करताना जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स चढवतात तिथं हे हमखास होतं. सिमेंटचा गोळा आत पडून पाणी साचण्याची जागाच भरून गेली, असंही होतं. पेठांमधल्या जुन्या घरांत तर मोरीचं भोक थेट बाहेरच्या गटारात उघडतं, ट्रॅप कधी नव्हताच. शहाबादी फरशी न हलवता तिथं करता येण्यासारखं काम म्हणजे भिंतीच्या बाहेर, गटारात पाणी पडण्याआधी, एक गली ट्रॅप बसवून घेणं. आतून काही फोडावं लागत नाही.

आपोआप मिटणाऱ्या रबरी पडद्याचे किंवा चुंबकाचे जे ट्रॅप आता मिळतात त्यांच्याविषयी विचारणा फार असते. क्वचित वापरायच्या बाथरूमला उत्तम. रोज चार माणसं आंघोळ करतात तिथं त्यात केस अडकतो, पडदा अर्धवट उघडा राहतो आणि दोन-तीन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. पाण्याचा ट्रॅप असताना त्याच्यावर जोड म्हणून लावा, त्याच्या बदली नको.

वॉशिंग मशीनचं पाणी सोडल्यावर वास येत असेल तर मशीनची नळी कुठं गेलीय ते बघा. ती भिंतीतल्या पाइपात नुसती खुपसलेली असते. तिच्याभोवतीची फट म्हणजे ड्रेनेजचं उघडं तोंड. नळी ट्रॅपमध्ये सोडा किंवा पाइपाच्या तोंडाला मापाचं रबर बसवून घ्या.

स्वयंपाकघर: रविवारनंतरचा वास

सिंकखालचं कपाट उघडा. बहुतेक घरांत पांढरी, वळ्यावळ्यांची लवचिक नळी सरळ खाली जाऊन भिंतीतल्या पाइपात घुसलेली दिसेल. दोन चुका एकदम. नळीला बाक नाही म्हणून पाणी साचत नाही, आणि पाइपाशी जोड सैल म्हणून बाजूनं हवा येते. बॉटल ट्रॅप बसवणं उत्तम. ते होईपर्यंत नळीला यू आकाराचा बाक देऊन तो तारेनं बांधा आणि जोडावर रबरी अडॅप्टर घाला. कपाट उघडलं की वास, बंद केलं की नाही, असं असेल तर इतर कुठंही बघू नका.

ट्रॅप असूनही सोमवार-मंगळवारी सिंकमधून आंबूस वास येत असेल तर तो रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा हिशोब. मटणाची चरबी गरम असते तोवर पाण्याबरोबर जाते, चार फूट पुढं जाऊन पाइप गार लागला की थिजते. तिच्यावर भाताची शितं, खोबऱ्याचा चोथा, चहाचा गाळ बसत जातो आणि तो थर आतल्या आत कुजतो. हा वास ड्रेनेज लाइनचा नसून तुमच्याच पाइपातला, म्हणजे ट्रॅपच्या अलीकडचाही असू शकतो. पातेली घासण्याआधी कागदानं पुसून घ्या, चरबी कचऱ्यात टाका. बॉटल ट्रॅपचं खालचं झाकण हातानं फिरवून उघडतं. खाली बादली ठेवून महिन्यातून एकदा ते रिकामं करून घासा. आत जे निघतं ते बघितलं की पुढच्या वेळी आठवण करून द्यावी लागत नाही.

पाऊस लागला की

जून ते सप्टेंबर येणारा आणि दिवाळीनंतर नाहीसा होणारा वास वेगळ्या जातीचा. पावसाचं पाणी ड्रेनेज लाइनमध्ये शिरलं की लाइन भरते आणि आतल्या हवेला जागा उरत नाही. ती दाबली जाऊन तळमजल्यावरच्या सगळ्यात खालच्या ट्रॅपमधून बुडबुडे काढत वर येते. पाणी शिरायला वाट आपणच करून दिलेली असते: गच्चीच्या पावसाळी पाण्याचा पाइप गवंड्यानं सोयीसाठी ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकलेला असतो. तो तोडून पावसाचं पाणी वेगळं काढा. कोल्हापूरच्या झडीत गच्चीवरून उतरणारं पाणी चार इंची ड्रेनेज लाइनला झेपणारं नाही. या जोडणीचा दुसरा उपद्रव उन्हाळ्यात कळतो. पावसाळी पाइपाला ट्रॅप नसतो, त्यामुळे तीच वाट धरून ड्रेनेजची हवा गच्चीवर आणि मधल्या बाल्कनीत येते.

सखल भागांची गोष्ट आणखी पुढची. शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, जयंती नाल्याच्या काठची वस्ती. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठते आणि ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघते, तेव्हा नाल्यांचं पाणी नदीत जायचं थांबून मागं फुगतं. रस्त्यावर पाणी दिसण्याच्या बरंच आधी ते ड्रेनेजमधून उलटं येऊ लागतं आणि आधी हवा ढकलतं. कोरड्या घरात अचानक न्हाणी गुडगुडायला लागली आणि वास सुटला, तर २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या माणसाला पुढचं सांगायला लागत नाही. अशा घरांनी शेवटच्या चेंबरच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं येऊ न देणारी झडप, बसवून घ्यावा आणि दर मे महिन्यात त्याची झडप साफ करून घ्यावी, कारण कचरा अडकून अर्धी उघडी राहिलेली झडप असून नसून सारखी. व्हॉल्व्ह नसेल तर तळमजल्याच्या न्हाणीवर आणि कमोडवर वाळूची ओली पोती दाबून ठेवणं, हा पूरपट्ट्यातल्या लोकांचा उपाय अगदी योग्य आहे. पूर ओसरल्यावर ट्रॅप आणि चेंबरमधला गाळ उपसल्याशिवाय वास जात नाही, वरून कितीही पावडर मारा.

ड्रेनेजचा नसलेला वास

गरम पाणी सोडलं की सडक्या अंड्याचा वास येतो, गार पाण्याला नाही? गीझरकडे बघा. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते आणि विशिष्ट जिवाणू तिथं वाढले की पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत हे जास्त. पेलाभर पाणी घेऊन बाथरूमच्या बाहेर जा आणि तिथं वास घ्या. पेल्यात वास असेल तर पाण्याचा, नसेल तर पाइपाचा.

एसीचं पाणी जाणारी बारीक नळी बाथरूमच्या ड्रेनेजला थेट जोडलेली असते, हे दुसरं. बाथरूम स्वच्छ, आणि वास मात्र बेडरूममध्ये, तोही एसी लावल्यावर. लोक एसीची सर्व्हिसिंग करत बसतात. ती नळी काढून न्हाणीच्या जाळीच्या वर उघडी सोडा.

वेळच नसलेला वास

कॅलेंडरवर रोज सगळीकडे "येतो" असंच लिहिलं गेलं, तर कुठलातरी जोड उघडा आहे. बाजारात मिळणारी रुंद चिकटपट्टी आणि प्लास्टिकचे तुकडे घ्या. रात्री सगळ्यांचं आवरल्यावर प्रत्येक न्हाणी, बेसिन, सिंक प्लास्टिकनं झाकून कडेनं पट्टी लावा. कमोडच्या भांड्यावरही ताणून लावा. खिडक्या बंद करून झोपा. सकाळी बाहेर चक्कर मारून या आणि एकेका प्लास्टिकचा कोपरा उचलून वास घ्या. ज्याच्याखाली भपकारा कोंडलाय तो चोर. सगळी प्लास्टिकं निर्दोष आणि खोलीत तरीही वास, तर हवा भोकातून येतच नाहीय. कमोडच्या बुडाशी, भिंतीतल्या जोडात किंवा डक्टमधल्या, म्हणजे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेतल्या, फुटक्या पाइपात शोध घ्यायचा.

कमोडचं सोपं आहे. त्याच्यावर बसून बाजूला रेला. किंचित जरी डुलला तरी खालचा जोड सुटलेला असण्याची शक्यता मोठी. कडेनं पांढरं सिमेंट भरून हा वास काही दिवस दबतो, मिटत नाही. कमोड उचलून जोडाचं रबर बदलावं लागतं.

भिंतीतल्या जोडासाठी जुन्या मिस्त्रींची युक्ती अजून चालते: गच्चीवरच्या व्हेंटमधून पेपरमिंटचं तेल आणि पाठोपाठ बादलीभर गरम पाणी ओतायचं, आणि घरात कुठं पेपरमिंटचा वास येतो ते दुसऱ्या माणसानं हुंगत फिरायचं. ओतणाऱ्यानं तासभर खाली यायचं नाही, त्याच्या हाताला आणि कपड्यांना तो वास असतो. काडी पेटवून किंवा उदबत्ती धरून धूर कुठं जातो ते बघायचा सल्ला कुणी दिला तर न्हाणीपाशी तो मानू नका आणि चेंबरपाशी तर मुळीच नको. मिथेन वास न देता साचलेला असू शकतो.

काय ओतू नये

अ‍ॅसिड. गटाराच्या काळ्या गाळात धातूंचे सल्फाइड असतात, त्यांच्यावर अ‍ॅसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. म्हणजे वास मारायला ओतलेलं अ‍ॅसिडच वास तयार करतं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकापाठोपाठ टाकली तर क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. हे दोन्ही घरात असतील तर वेगवेगळ्या कपाटांत ठेवा आणि एकाच दिवशी वापरू नका.

फिनेलनं नुसता वास झाकला जातो. सेप्टिक टाकी असलेल्या घरात रोज बाटल्या रिकाम्या केल्या तर टाकीत मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि वास वाढतो.

सेप्टिक टाकीची घरं

कळंबा, पाचगाव, फुलेवाडी, उचगाव या बाजूला पुष्कळ घरांना अजून सेप्टिक टाकी आहे. तिथला वास अंगणातून घरात येतो आणि पहाटे हवा पडलेली असताना सगळ्यात जास्त. टाकीच्या व्हेंटची उंची आधी बघा. भारतीय मानक आय. एस. २४७० नुसार टाकी इमारतीपासून १५ मीटरच्या आत असेल तर व्हेंट इमारतीच्या माथ्यापासून २ मीटर वर गेला पाहिजे. आपल्याकडं प्लॉटच एवढे की टाकी १५ मीटरच्या आतच असते, आणि व्हेंट मात्र कंपाउंडच्या भिंतीएवढा.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. "वीस वर्षं झाली, अजून भरली नाही" हे लोक अभिमानानं सांगतात. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की गाळ शोषखड्ड्यात निघून गेलाय आणि खड्डा बुजत आलाय. काळ्या मातीत पाणी मुळात हळू मुरतं. पावसाळ्यात जमीन भिजलेली असताना ते मुरायचं थांबलं की टाकी काठोकाठ भरते आणि कमोड घोगरा आवाज करायला लागतो.

उपसा मशीनच्या टँकरनंच करून घ्यायचा. कुणालाही टाकीत किंवा चेंबरमध्ये उतरवू नका, स्वतःही डोकं आत घालू नका. हायड्रोजन सल्फाइडचा वास दहा लाखांत एक भागापेक्षाही कमी असताना नाकाला कळतो, पण तो शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. "आता वास कमी झालाय, उतरतो" म्हणणारा माणूस त्या क्षणी सगळ्यात जास्त धोक्यात असतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. हातानं मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं हा गुन्हा ठरवलाय, आणि अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये भरपाई ३० लाख रुपयांवर नेली. "आमच्याकडं एक माणूस हाय, बादलीनं काढतो, स्वस्तात" असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

प्लंबर बोलावताना

तो येण्याआधी न्हाणीत पाणी टाकू नका. बिघाड झालेल्या अवस्थेत ट्रॅप दिसला पाहिजे. त्याला टिपलेल्या वेळा दाखवा. चांगला मिस्त्री त्या वाचून थेट गच्चीवर किंवा थेट चेंबरकडे जाईल. न वाचता हातोडी काढणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

काम झाल्यावर वास गेलाय का हे विचारू नका, त्या दिवशी तो गेलेलाच असतो. वरच्या मजल्यावरचे दोन्ही फ्लश एकदम सोडायला सांगा, त्याच वेळी मशीनचं पाणी सोडा आणि खालच्या न्हाणीत टॉर्च मारून उभे राहा. ट्रॅपमधलं पाणी थोडं हललं तर हरकत नाही. ते जागेवर राहिलं तर पैसे द्या, खाली उतरलं तर मिस्त्रीला तिथंच बोलावून दाखवा.